एजन्सीला काम देताय? आधी ब्रीफ लिहा

"काहीतरी हटके करा. प्रीमियम वाटलं पाहिजे, पण आपलंही वाटलं पाहिजे." लोअर परळ असो की अंधेरी, जाहिरात एजन्सीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. एजन्सी त्यावरून अंदाज बांधते, तीन डिझाइन्स आणते, तिन्ही नापास होतात आणि आपण म्हणतो, यांना काही जमत नाही. मुळात ठरवायचं काम आपलं होतं. काय हवं ते ठरवून एजन्सीला लेखी देणं म्हणजेच ब्रीफ.

१. अडचण लिहा, उपाय त्यांच्यावर सोडा.
समजा, दादरला तुमचा फराळाचा व्यवसाय आहे. 'दिवाळीसाठी दहा रील्स हव्यात' एवढ्यावर कुणीही दहा रील्स करून देईल. त्याऐवजी लिहा: 'वसुबारसेच्या तोंडावर सगळ्या ऑर्डरी एकदम येतात, निम्म्या परत पाठवाव्या लागतात. लोकांनी आठ-दहा दिवस आधी ऑर्डर द्यायला हवी.' आता कदाचित एजन्सीच सुचवेल की रील्स राहू द्या, जुन्या गिऱ्हाइकांना दसऱ्यालाच व्हॉट्सॲप करू. तुमचे पैसे वाचले.

२. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर उभं करा.
'२५ ते ४५ वयोगटातील महिला' यात अर्धी मुंबई आली. 'डोंबिवलीहून रोज लोकलने येणारी. चकली विकत आणते, पण ती विकतची आहे हे सासूबाईंना सांगताना अवघडते' असं लिहिलंत की जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्या कॉपीरायटरला तिथल्या तिथे ओळ सुचायला लागते.

३. सांगायचं एकच ठेवा.
चव, शुद्ध तूप, घरपोच सेवा, आजीची पाककृती... यातलं कुठलं, यावर काय भांडायचं ते घरात भांडून घ्या. एजन्सीसमोर नको.

४. बजेट आणि तारखा उघड सांगा.
'तुम्हीच सांगा किती होतील' या घासाघिशीत आठवडा जातो. १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा, तेही लिहा. दिवाळीचं काम गणपतीआधीच द्या. गणपतीत अर्धं ऑफिस कोकणात असतं.

५. बंधनं आधीच कळवा.
पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह लागतं. दुकानाच्या पाटीवर मराठी देवनागरीत हवी आणि तिची अक्षरं इतर भाषांपेक्षा लहान चालत नाहीत. 'मुंबईत नंबर वन' म्हणायचं असेल तर पुरावा जोडा. जाहिरातींवरच्या तक्रारी ऐकणारी एएससीआय ही संस्था १९८५पासून आहे आणि तिचं ऑफिस मुंबईतच आहे.

६. मंजुरी देणारा माणूस एकच.
त्याचं नाव ब्रीफमध्ये घाला, बदलांच्या किती फेऱ्या तेही ठरवा. नाहीतर एकाही मीटिंगला न आलेले काका छपाईच्या आदल्या रात्री 'लोगो जरा मोठा करा' म्हणून मेसेज टाकतात, आणि तो मोठा होतोही.

सगळं एका पानात बसवा. मग समोर बसून एजन्सीला ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा; कुठे गैरसमज आहे ते तिथेच कळतं.

७. हक्क लेखी घ्या.
लोगो करून घेत असाल तर हे टाळूच नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. म्हणून 'कायमस्वरूपी, जगभर' असं स्पष्ट लिहून घ्या आणि पीडीएफबरोबर ओपन फाइल्सही, म्हणजे बदल करता येतील अशा मूळ डिझाइन फाइल्स, मागा.