व्हीटीवर वॉक घ्यायला शिकताना

माझ्या पहिल्या हेरिटेज वॉकला जेमतेम सात-आठ माणसं होती. सीएसएमटीच्या, म्हणजे जुन्या व्हीटी स्थानकाच्या, घुमटाकडे हात करून मी ठसक्यात सांगितलं, "देशातली पहिली प्रवासी गाडी 1853 साली याच इमारतीतून ठाण्याला निघाली." मागे उभे असलेले एक काका शांतपणे म्हणाले, "इमारत बांधायला घेतली 1878 ला. मग गाडी काय हवेतून सुटली?"

पाठांतर करून वॉक घेणाऱ्याची अशीच फजिती होते. ती गाडी 16 एप्रिल 1853 ला दुपारी सुटली, पण बोरीबंदरच्या जुन्या स्थानकातून. 14 डबे, सुमारे 400 पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. आजची इमारत उभी राहायला त्यानंतर तीन दशकांहून जास्त काळ गेला. 1887 साली, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, तिला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं आणि काम पुरतं संपायला 1888 उजाडलं. खर्च आला सोळा लाखांच्या वर. 1996 ला नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 ला त्यात 'महाराज' जोडलं गेलं. जुने मुंबईकर अजून 'व्हीटी'च म्हणतात, आणि सवयीने मीही.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगतो: हे स्थानक नाही, हे ऑफिस आहे. घुमट, कमानी, दगडी नक्षी हे सगळं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधलं होतं. आज तिथे मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. गाड्या येतात त्या बाजूच्या शेडमध्ये. "घुमटाखाली फलाट का नाहीत?" हा प्रश्न प्रत्येक वॉकला येतोच, आणि त्याचं उत्तर एवढंच आहे. फक्त तिकिटांचा जुना हॉल, ज्याला स्टार चेंबर म्हणतात, तिथे ऑफिस आणि स्थानक एकमेकांत मिसळतात. तिथे वर बघा, छतावर तारे आहेत. पास काढायच्या रांगेतली माणसं मात्र काउंटरकडे बघत असतात. त्यांना दोष देऊ नका, त्यांची लोकल सुटायची असते.

वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. व्हिक्टोरियन गॉथिक शैलीत भारतीय घडण मिसळली, असं सगळे सांगतात. पण ऐकणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून मी मोर दाखवतो, माकडं दाखवतो, प्रवेशद्वाराच्या खांबांवरचा सिंह आणि वाघ दाखवतो. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. यातलं बरंचसं शिल्पकाम बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. कंपनीशी जोडलेल्या बड्या लोकांचे दगडी चेहरे भिंतीवर आहेत; त्यांत जगन्नाथ शंकरशेट शोधायला लावा. मराठी मंडळी असली की तिथे हमखास दहा मिनिटं जातात.

दुसरी चूकही माझीच. घुमटावरची बाई म्हणजे राणी व्हिक्टोरिया, असं मी कितीतरी दिवस सांगत होतो. ती राणी नव्हे, 'प्रगती'. एका हातात मशाल, दुसऱ्या हाताशी चाक. राणीचा पुतळा खाली, घड्याळाजवळच्या कोनाड्यात होता. तो कोनाडा आता रिकामा आहे.

आता फलाट. एकूण 18. 1 आणि 2 हार्बरचे, 3 ते 7 मेन लाइनच्या लोकलचे, 8 पासून पुढे बाहेरगावच्या गाड्या. रूळ इथेच संपतात. त्यामुळे फलाट बदलायला पूल चढावा लागत नाही, रुळांच्या टोकाकडून वळसा घालायचा. नवख्या प्रवाशाची गडबड होते ती लोकलच्या बाजूने आत शिरून लांब पल्ल्याची गाडी शोधताना. सामान घेऊन ते अंतर बरंच वाटतं. 18 नंबरकडची गाडी असेल तर पी. डि'मेलो रोडकडून आत या. हार्बरच्या फलाटावर थांबलात तर 3 फेब्रुवारी 1925 आठवा. त्या दिवशी देशातली विजेवरची पहिली गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली, हार्बर मार्गानेच.

सकाळी नऊ ते अकरा वॉक ठेवू नका. त्या वेळी लोकलमधून बाहेर पडणारा लोंढा तुमच्या गटाला थेट सबवेत घेऊन जाईल. एकदा माझी दोन माणसं अशीच हरवली आणि अर्ध्या तासाने आझाद मैदानाजवळ सापडली. रविवारची सकाळ बरी. कॅमेरा घेऊन आत काम करायचं असेल तर परवानगी आधी काढा, आयत्या वेळी हुज्जत घालून काही होत नाही.

शेवट मी महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर करतो. तिथून स्थानकाचा दर्शनी भाग एका नजरेत येतो. मग सगळ्यांना मागे वळायला सांगतो. पालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, 1893 ची. दोन्हींत काय सारखं दिसतं ते शोधा, म्हणतो आणि गप्प बसतो. परवा एका शाळकरी मुलीने बराच वेळ मान इकडेतिकडे वळवून सांगितलं, "दोन्हीकडे पाय दुखेपर्यंत जिने असणार."