गच्चीचा स्लॅब तापतोय? मग या चुका टाळा

एप्रिल-मे मधे नागपूर, अकोला, जळगाव साईडला टॉप फ्लोअरवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रात्रीचे अकरा वाजले तरी छत भट्टीसारखं धगधगत असतं आणि पंखा फुल्ल केला तरी जीवाला आराम नाही. मग कोणी सिल्व्हर पेंट मारतं, कोणी खालून फॉइल चिकटवतं, पैसे जातात आणि फरक काहीच पडत नाही. यात दोष बऱ्याचदा रंगाचा किंवा पेंटरचा नसतो, उष्णता नेमकी कशी येते-जाते तेच बघितलेलं नसतं.

शाळेत वहन, अभिसरण, प्रारण शिकलो होतो ना, त्यातलं प्रारण इथे मेन आहे. गरम हवा वरच राहते, ती छतावरून खाली येत नाही, पण तापलेला स्लॅब स्वतः इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे उष्णतेचे किरण सोडत असतो आणि ते थेट आपल्या अंगावर येतात, मधल्या हवेची त्याला गरजच नसते. ढोबळ हिशोब केला तर 30 अंशाच्या छतापेक्षा 40 अंशाचं छत दर चौरस मीटरला साधारण 60 वॅट जास्त फेकतं, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत साडेसहाशे वॅटच्या आसपास, हे म्हणजे डोक्यावर हीटर लावून झोपण्यासारखंच झालं.

आता सगळ्यात कॉमन चूक, सिल्व्हर पेंट. लोकांना वाटतं चकचकीत म्हणजे ऊन परत पाठवणार. पाठवतो, पण सगळं नाही, आणि जेवढं आत घेतो तेवढं त्याला बाहेर टाकता येत नाही, कारण चकचकीत धातू उष्णता सोडायला फार कंजूष असतो. नवा कोरा पत्रा उन्हात एवढा का तापतो त्याचं कारण पण हेच. उलट साधा चुना किंवा चांगला पांढरा रंग स्वच्छ असेल तर उन्हाचा 80 टक्क्यांच्या आसपास भाग परतवतो आणि वर स्वतःची उष्णता जवळजवळ काळ्या रंगाइतकीच जोरात बाहेर सोडतो. इथेच लोकांचा गोंधळ होतो. जो चांगला शोषतो तोच चांगला सोडतो हा जर्मन शास्त्रज्ञ किरचॉफचा 1859 चा नियम बरोबरच आहे, पण तो एकाच तरंगलांबीपुरता. सूर्यप्रकाशाचा जोर अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो आणि आपला स्लॅब किरण सोडतो 10 मायक्रॉनच्या आसपास, त्यामुळे डोळ्याला पांढराशुभ्र दिसणारा चुना तिकडे इन्फ्रारेडमधे चक्क काळा असतो. म्हणून रंग निवडताना नुसतं डोळ्याला काय दिसतं त्यावर जाऊ नका.

चुना मारायचा तर फेब्रुवारी-मार्चलाच मारा, आधी शेवाळ नीट खरवडून गच्ची धुवून घ्या आणि एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ हात द्या. पावसाळ्यानंतर तो काळपट होतो आणि उन्हाळ्यात धूळ बसते, काळपट चुन्याचा उपयोग फार कमी, त्यामुळे मधे मधे गच्ची धुवा आणि दरवर्षी परत मारा.

फॉइलचं म्हणाल तर ती पत्र्याला किंवा छताला सपाट चिकटवली की संपलं, मग उष्णता वहनानेच, म्हणजे एकाला एक चिकटून, पार होते. चकचकीत बाजूसमोर इंचभर तरी मोकळी हवा पाहिजे. आणि ती बाजू खाली तोंड करून ठेवा, वर केली तर धूळ साचून सगळी चमक जाते.

खिडकीचं पण तसंच आहे. जाड पडदा आतून लावला की ऊन आधी काचेतून आत येतं, पडदा तापतो आणि तो जे किरण सोडतो ते काचेतून परत बाहेर जात नाहीत, मग सगळी उष्णता खोलीतच. पडदा, चिक, वाळ्याचा पडदा, जे काय असेल ते काचेच्या बाहेरून लावा.

फरक पडला का ते हात लावून बघू नका, कारण धातू आणि सिमेंट एकाच तापमानाला असले तरी हाताला धातू जास्त चटका देतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर अजून एक घोळ आहे, स्वस्तातले मशीन उत्सर्जकता (वस्तू किती जोरात किरण सोडते तो आकडा, जास्तीत जास्त 1) 0.95 धरून चालतात, चुना किंवा सिमेंटवर ते चालतं, पण चकचकीत पत्र्यावर धरलं तर वरच्या आकाशाचं प्रतिबिंब मोजून भलताच थंड आकडा दाखवतात. वायरमन वापरतात ती काळी टेप तिथे चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. लाल ठिपका म्हणजे मोजायची जागा नव्हे, मशीनवर 12:1 लिहिलं असेल तर बारा फुटांवरून ते फूटभर रुंद गोलाची सरासरी घेतं, त्यामुळे जवळ जाऊनच मोजा.

आणि सावलीसाठी गच्चीवर ताणतात ती हिरवी नेट! दिवसा एकदम बेस्ट, पण रात्री पण ताणलेली ठेवतात ही चूक. स्वच्छ रात्री गच्ची थेट आकाशाकडे उष्णता सोडत असते, 8 ते 13 मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा हे किरण फारसे अडवत नाही. निफाडकडे थंडीत निरभ्र रात्री द्राक्षबागा गारठतात त्यामागे हेच असतं. ढगाळ रात्री मात्र ढगच उष्णता परत खाली पाठवतात, त्या रात्री कितीही चांगला चुना असला तरी कमीच फरक जाणवणार. नेट तीन-चार फूट उंच पाइपांवर बांधा, बाजू मोकळ्या ठेवा, आणि ऊन उतरलं की गुंडाळता येईल अशी एका बाजूला दोरी ठेवा.