जुन्या लॅपटॉपवर जेन्किन्स

घरी धूळ खात पडलेल्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून मी जेन्किन्स (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारा सर्व्हर) चालवतो. थेट मशीनवर इन्स्टॉल करू नका, जावाच्या आवृत्त्यांची भांडणं सोडवण्यात रविवार जातो. डॉकर टाका, तो प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवतो. त्यात जेन्किन्सची एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणारी) इमेज घ्या, इमेज म्हणजे कंटेनरचा साचा. ‘लेटेस्ट’ नको, ती आठवड्याच्या रिलीजबरोबर बदलत राहते.

पोर्ट ८०८० उघडा, ब्राउझरला तेवढं पुरतं. ५०००० लागतं ते बाहेरचे एजंट (बिल्ड चालवणारी दुसरी मशीन) जोडायचे असतील तर.

खरी गोम व्हॉल्यूममध्ये आहे, म्हणजे कंटेनर काढला तरी टिकणाऱ्या साठ्यात. जॉब, प्लगइन, पासवर्ड, जेन्किन्सचं सगळं बिऱ्हाड कंटेनरमधल्या ‘जेन्किन्स होम’ फोल्डरात असतं. मी व्हॉल्यूम न जोडताच कंटेनर काढून नवा केला आणि तीन दिवसांची मांडामांड पाण्यात गेली! नाव दिलेला व्हॉल्यूम जोडा. होस्टवरचं (म्हणजे लॅपटॉपवरचं) फोल्डर जोडलंत तर त्याची मालकी यूजर आयडी १००० ला द्या, नाहीतर ‘परमिशन डिनाइड’ म्हणत कंटेनर बंद पडतो.

पहिला पासवर्ड लॉगमध्ये चांदण्यांच्या (*) ओळींमधे सापडतो. मग सुचवलेले प्लगइन घ्या, वर ‘डॉकर पाइपलाइन’.

बिल्ड कंटेनरमध्ये चालवायचे तर डॉकरचं सॉकेट (डॉकरला हुकूम द्यायची वाट) जेन्किन्सच्या कंटेनरात द्यावं लागतं. अधिकृत इमेजमध्ये डॉकर क्लायंट (डॉकरची कमांड) नसतो, तो घालून स्वतःची इमेज बनवा. पण सॉकेट देणं म्हणजे होस्टची रूट (पूर्ण अधिकाराची) किल्लीच देणं. अनोळखी माणसाचा पुल रिक्वेस्ट (कोडबदलाचा प्रस्ताव) तिथे आपोआप चालवू नका.

आणि जुन्या इमेज क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लावून दर रविवारी साफ करा. माझी डिस्क दोनदा तुंबली, दोन्ही वेळा रात्री.