वर्गात टॅब, प्रोजेक्टर, अ‍ॅप सगळं आहे तरी काही मुलं मागेच? या चुका टाळा

वर्गात नीट न दिसणारं किंवा कमी ऐकू येणारं मूल आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "यासाठी एखादं चांगलं अ‍ॅप सांगा ना." अ‍ॅप सांगता येतं हो, पण बहुतेक वेळा घोळ अ‍ॅपमध्ये नसतोच, आपण पाठवलेल्या फाइलमध्ये असतो. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, आजकाल आधीपासूनच हाताशी असतं, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोन-आयपॅडवर व्हॉइसओव्हर, विंडोजमध्ये नॅरेटर, आणि शिवाय विंडोजसाठीच एनव्हीडीए आहे जे फुकट मिळतं आणि जगभर दृष्टिहीन लोक रोज वापरतात. आता त्या सॉफ्टवेअरला वाचायला आपण नेमकं दिलंय काय, ते आधी बघा.

"स्क्रीन रीडर काहीच वाचत नाही"

कारण तिथे वाचायला काही नाहीच. पुस्तकाचं पान स्कॅन करून पीडीएफ बनवली किंवा फळ्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की आपल्याला अक्षरं दिसतात, पण मशीनसाठी तो नुसता फोटो असतो. ओळखायची युक्ती सोपी, पीडीएफ उघडून एखादी ओळ सिलेक्ट करून बघा, होत नसेल तर ते चित्र आहे. मग ती फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली की अक्षरं वेगळी काढून मिळतात, देवनागरीसुद्धा. पण म्हणून लगेच पुढे पाठवू नका, जोडाक्षरं आणि तक्ते यात हमखास गडबड होते, एकदा डोळ्याखालून घाला.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. ओळ सिलेक्ट होते, स्क्रीनवर मराठी छान दिसतं, आणि स्क्रीन रीडर मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं अशी काहीतरी भलतीच बडबड करतो. मग मुलाचा फोन बिघडला, आवाजाची सेटिंग चुकली, असे शोध लागतात. प्रत्यक्षात मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, कृतिदेव वगैरे. त्यात आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो एवढंच. एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा, कचरा दिसला तर निदान झालं. ऑनलाइन कन्व्हर्टर असतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, तेव्हा तपासा, आणि इथून पुढे सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा. हे एक काम नीट झालं तर मराठीतल्या निम्म्या तक्रारी बंद होतील असं मला मनापासून वाटतं.

फाइल वाचली जाते पण मूल त्यात हरवतं, असंही होतं. आपण शीर्षक ठळक आणि मोठं करतो, ते फक्त डोळ्यांना कळतं. वर्डमधल्या हेडिंग स्टाइल वापरून शीर्षकं दिली तर त्यातून बनवलेल्या वेबपेजवर किंवा पीडीएफमध्ये एनव्हीडीए वापरणारं मूल कीबोर्डवरचं एच बटण दाबत एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारतं (पीडीएफ करताना ती 'सेव्ह अ‍ॅज'मधून करा, प्रिंट करून केली तर शीर्षकांची माहिती गळून जाते). नाहीतर चौथा मुद्दा शोधायला पहिल्या ओळीपासून ऐकत बसा.

चित्रांचं वर्णन, म्हणजे चित्राला जोडलेला मजकूर (ऑल्ट टेक्स्ट) जो स्क्रीन रीडर वाचतो. इथे लोक "आकृती १" लिहून मोकळे होतात, किंवा मग फुलाच्या रंगापासून मागच्या ढगापर्यंत निबंध लिहितात. त्या धड्यात ते चित्र कशासाठी आहे तेवढंच लिहा. आणि प्रश्नपत्रिकेत भान ठेवा, "हा कोणता त्रिकोण?" असं विचारलंय आणि वर्णनात "काटकोन त्रिकोण" लिहिलंय तर उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत, त्याऐवजी "एका कोपऱ्यात चौकोनी खूण असलेला त्रिकोण" असं लिहा. वर्डमध्ये 'रिव्ह्यू'खाली 'चेक अ‍ॅक्सेसिबिलिटी' आहे, वर्णन राहिलंय का ते सांगतं, पण वर्णन कामाचं आहे का हे त्याला काय कळणार.

"सबटायटल लावले होते की"

आपोआप येणारे सबटायटल म्हणजे काम झालं असं समजू नका. मशीनने ऐकून लिहिलेल्या मजकुरात नेमके तेच शब्द चुकतात जे शिकवायचे असतात, म्हणजे पारिभाषिक शब्द, नावं, आकडे. ज्याला ऐकू येतं तो हसून सोडून देतो, ज्याला येत नाही तो चुकीचा शब्द पाठ करतो. स्वतःचा व्हिडिओ असेल तर यूट्यूब स्टुडिओत जाऊन सबटायटल दुरुस्त करता येतात. सगळा व्हिडिओ करायला वेळ नाही? मग निदान धड्यातले महत्त्वाचे शब्द आधी फळ्यावर लिहून द्या.

पण यापेक्षा मोठी चूक शिकवण्याच्या सवयीत आहे. व्हिडिओ चालू, आणि सर किंवा मॅडम त्याच वेळी वरून समजावतायत. ऐकू येणारी मुलं दोन्ही सांभाळतात, कर्णबधिर मुलाने सबटायटल वाचायचे, तुमच्या ओठांकडे बघायचं की खुणांची भाषा करणाऱ्या दुभाष्याकडे? डोळे एका वेळी एकाच ठिकाणी बघू शकतात. व्हिडिओ थांबवा, मग बोला. प्रोजेक्टरसाठी वर्गात मिट्ट काळोख करतात तेही टाळा, त्यात तुमचा चेहरा दिसत नाही, दुभाष्याचे हात दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून बोलणं तर विचारूच नका. आणि मागच्या बाकावरून कोणी उत्तर दिलं तर ते तुम्ही परत एकदा सगळ्यांकडे बघत सांगा, नाहीतर मुलाच्या श्रवणयंत्राला जोडलेला माइक तुमच्या गळ्यात असेल तर त्यातून फक्त प्रश्न जातो, उत्तर जातच नाही.

अजून एक गैरसमज, लिहून दिलं की कर्णबधिर मुलाला सगळं कळतं. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याच्यासाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते आणि तिचं व्याकरणही वेगळं असतं, त्यामुळे लांबलचक वाक्यांचे सबटायटल त्याला जड जाणारच.

क्विझमध्ये तेच चार जण जिंकतात

कहूत या ऑनलाइन क्विझसारख्या खेळात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण मिळतात, मुलांना मजा येते, मान्य आहे. पण हळू वाचणारं, हात थरथरणारं किंवा घरी वेगळी भाषा बोलणारं मूल उत्तर माहीत असून मागे राहतं आणि दोन-तीनदा असं झालं की कुठलंही बटण दाबून मोकळं होतं, मग आपण म्हणतो याचं लक्ष नाही. त्यात प्रश्नाची वेळ ४ मिनिटांपर्यंत वाढवता येते, आणि ती वाढवा, किंवा जोड्या करून खेळा. तसं त्याच खेळातली एक गोष्ट मला फार आवडते, पर्यायांना नुसते रंग नाहीत, लाल त्रिकोण, निळा डायमंड, पिवळं वर्तुळ, हिरवा चौकोन असे आकारही आहेत, म्हणजे लाल-हिरवा ओळखू न येणाऱ्या मुलाचं काही अडत नाही. आपण मात्र तक्त्यात "हिरवे बरोबर, लाल चूक" करून ठेवतो. शेजारी खूण किंवा शब्द द्या.

रंगांचं निघालंच आहे तर, पांढऱ्यावर पिवळी किंवा फिकट करडी अक्षरं कृपया नको. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातला फरक) किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा ३:१ सांगितलाय, स्लाइडला तोच लावा, तपासणारी फुकट टूल्स खूप आहेत.

डिस्लेक्सियासाठी (वाचताना अक्षरं-शब्द ओळखण्यात येणारी अडचण) खास फॉन्ट शोधण्यात वेळ घालवू नका. त्यामुळे वाचन सुधारतं असा भक्कम पुरावा नाही. अक्षरं जरा मोठी, ओळींत जास्त जागा, छोटे परिच्छेद आणि सोबत वाचून दाखवणारा आवाज, यात जास्त फायदा आहे. मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर मराठी मजकूर वाचून दाखवतो आणि आवाज बराच माणसासारखा आहे.

सोय एकट्यालाच देणं

वर्गात एकाच मुलाला हेडफोन, एकाच मुलाला वेगळा टॅब, आणि तोही कोपऱ्यात. वर्गातल्या पोरांना काय कळायचं ते कळतं. विशेषतः मोठ्या इयत्तेत मुलं ती सोय वापरणंच सोडून देतात आणि आपण कागदावर लिहितो की उपकरण दिलं होतं. त्यापेक्षा वाचून घेणं, बोलून टाइप करणं, अक्षर मोठं करणं हे सगळ्यांना शिकवा आणि ज्याला हवं तो वापरेल. ज्यांना गरज नाही असं वाटत होतं तेही वापरतात, बघा तुम्ही.

बोलून टाइप करताना गोंगाटात मशीन गोंधळतं, आणि बोलण्यात अडचण असलेल्या मुलाचं तर शांततेतही नीट ओळखत नाही. त्याला शब्द सुचवणारा कीबोर्ड द्या. आणि परीक्षा कशाची आहे ते ठरवा, इतिहासाचं उत्तर हवंय तर बोलून लिहिलं म्हणून काय बिघडलं, शुद्धलेखन तपासायचंय तर ती सोय त्या दिवशी बंद.

घरचा फोन एकच आणि डेटा थोडा असेल तर व्हिडिओसोबत छोटा ऑडिओ आणि साधा मजकूर पाठवा. यावर जास्त काय बोलणार.

पाठवण्याआधी तपासायचं कसं

माउस बाजूला ठेवा आणि कीबोर्डवरच्या टॅब, बाणांच्या आणि एंटरच्या बटणांवर पूर्ण सराव सोडवून बघा. ओढून-टाकायचे खेळ इथेच अडकतात, आणि हात नीट न चालणारं मूलही तिथेच अडकतं. मग फोनवर टॉकबॅक चालू करून आपलीच फाइल ऐका. त्याआधी बंद कसं करायचं ते बघून ठेवा, कारण एकदा चालू झालं की एका टॅपने काही उघडत नाही आणि माणूस घाबरतो, बऱ्याच फोनवर दोन्ही व्हॉल्यूम बटणं काही सेकंद दाबून धरली की चालू-बंद होतं.

त्या मुलालाही विचारा, पण वर्गासमोर नको, एकटं असताना. "काही अडचण आहे का?" असं विचारलं तर "नाही" येतं. "कालच्या फाइलमधला तिसरा प्रश्न तू कसा शोधलास, दाखव" असं म्हणा.

आणि वर्षभर जे टूल वापरलं ते परीक्षेत चालेल का हे आधीच विचारून लेखी घ्या. परीक्षेच्या मशीनवर एनव्हीडीए किंवा मराठी आवाज टाकलेलाच नाही, हे पेपरच्या सकाळी कळून उपयोग नाही. आदल्या आठवड्यात त्याच मशीनवर, तेच हेडफोन लावून, एक जुना पेपर मुलाला सोडवू द्या.