इंग्लंडमधील बिनपगारी मॅजिस्ट्रेट : नव्याने आलेल्यांसाठी

महाराष्ट्रात मॅजिस्ट्रेट म्हटले की न्यायसेवेच्या परीक्षेतून आलेला पगारी न्यायाधीश, नाहीतर तहसील कचेरीतला कार्यकारी दंडाधिकारी डोळ्यांसमोर येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट म्हणजे बहुधा आपल्याच भागात राहणारी शिक्षिका, निवृत्त परिचारक किंवा दुकानदार. कायद्याची पदवी असण्याची गरज नसलेली आणि प्रवासखर्चापलीकडे फारसे काही न घेणारी व्यक्ती. १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेले ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे पद ते हेच. कागदांवर शिक्का मारून देणाऱ्या आपल्याकडील विशेष कार्यकारी अधिकाऱ्याशी त्याची गल्लत करू नये, कारण हे लोक तुरुंगातही पाठवू शकतात.

फौजदारी खटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक खटले याच मॅजिस्ट्रेटांच्या न्यायालयांत निकाली निघतात. साधारणपणे तिघे एकत्र बसतात. मधला अध्यक्ष बोलतो, पण तिघांच्या मताचे वजन सारखेच असते. कायदा काय सांगतो हे समोर बसलेला विधी सल्लागार त्यांना समजावतो, मात्र आरोपी दोषी आहे की नाही हे तो ठरवत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून एका गुन्ह्यासाठी कमाल बारा महिन्यांच्या कैदेचा अधिकार त्यांना पुन्हा मिळाला आहे. गंभीर प्रकरणे क्राउन कोर्ट या वरच्या न्यायालयाकडे जातात.

नवीन आलेल्यांचा या व्यवस्थेशी पहिला संबंध बहुधा पत्रातून येतो. वेगमर्यादा ओलांडणे, विम्याविना गाडी चालवणे किंवा टीव्ही पाहण्यासाठी तिथे लागणारा परवाना नसणे अशा किरकोळ आरोपांचा निर्णय २०१५ पासून एकच मॅजिस्ट्रेट, केवळ कागदपत्रे पाहून, देऊ शकतो. अशी नोटीस आल्यास २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. न दिल्यास आपल्या गैरहजेरीत निकाल लागतो. घर बदलताना गाडीच्या कागदांवरचा पत्ता बदलायचा राहिला, आणि नोटीस जुन्या दारातच पडून राहिली, असे आपल्या मंडळींच्या बाबतीत मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. आरोप अमान्य असेल तर तसे कळवून सुनावणी मागावी. इंग्रजी अपुरे पडत असेल तर दुभाषाही त्याच वेळी मागावा.

काही वर्षे स्थिरावल्यावर आपणही या पदासाठी अर्ज करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वय १८ ते ७४ असावे, वर्षाकाठी किमान १३ दिवस देता यावेत आणि निदान पाच वर्षे काम करण्याची तयारी असावी. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, परंतु राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागते. आश्रयासाठी अर्ज केलेल्यांना आणि पोलीस सेवेत असलेल्यांना हे पद मिळत नाही. मालकाने कामासाठी वाजवी रजा द्यावी असा कायदा आहे. त्या रजेचा पगार द्यावाच असे मात्र तो म्हणत नाही.

निवड स्थानिक सल्लागार समिती करते. मुलाखतीत पाठांतर उपयोगाचे नाही, आणि आपल्यातले हुशार उमेदवार अडखळतात ते नेमके इथेच. कलमे सांगण्यापेक्षा एखाद्या प्रसंगात दुसऱ्याची बाजू आपण कशी समजून घेतली, मत कधी आणि का बदलले, हे तिथे विचारले जाते. निवड झाल्यावर प्रशिक्षण मिळते आणि सुरुवातीच्या काळात एक अनुभवी सहकारी मार्गदर्शक म्हणून दिला जातो.

अर्जापूर्वी जवळच्या न्यायालयात जाऊन प्रेक्षकांच्या बाकावर बसावे. बहुतेक सुनावण्या सर्वांना खुल्या असतात; अल्पवयीनांच्या न्यायालयात मात्र प्रवेश नसतो. फोन बंद ठेवावा, आणि विग घातलेले कोणी शोधू नये. या न्यायालयात साध्या पोशाखातलेच लोक निकाल देतात.