सभा हॉलमध्ये, निम्मे सभासद घरी: आवाजाची तयारी आधी

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्या सप्टेंबरात, गणपती आणि पाऊस सांभाळत, ती उरकतात. आमच्या सोसायटीचे बरेच सभासद दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीत असतात. म्हणून आम्ही पहिल्यांदाच सभा हॉलमध्ये आणि झूमवर एकदम घेतली. चित्र झकास होतं. आवाजाबद्दल न्यू जर्सीतल्या एका काकांनी चॅटमध्ये लिहिलं, "पंखा स्पष्ट ऐकू येतोय. अध्यक्ष कोण आहेत यंदा?" पुढची तयारी माझ्याकडे आली ती त्या चॅटमुळे. तेव्हापासून मी आधी आवाज बघते, उरलेल्या वेळात कॅमेरा.

सुरुवात नोटिशीपासून करा. ती पूर्ण चौदा दिवस आधी जायची असते, म्हणजे लिंक, वेळ आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा हे सगळं तेव्हाच ठरलेलं हवं. ऑनलाइन बसलेल्याची हजेरी कोरममध्ये धरायची का, त्याचं मत मोजायचं का, हे उपविधी बघून आणि निबंधक कार्यालयात विचारून आधीच नक्की करा. हा वाद सभेत निघाला की पाण्याच्या टाकीचा विषय दुपारी दोनला येतो. वेळ ठरवताना कागदावर सगळी गावं मांडा. सप्टेंबरात आपल्याकडे रविवारी सकाळी दहा वाजतात तेव्हा दुबईत साडेआठ, सिंगापूरला साडेबारा, लंडनला पहाटेचे साडेपाच आणि न्यू जर्सीत मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. संध्याकाळी साडेसहाची सभा ठेवली तर लंडनला दुपारचे दोन आणि न्यू जर्सीत सकाळचे नऊ होतात. आम्ही संध्याकाळ धरली. ज्येष्ठांनी थोडी कुरकुर केली, पण आले सगळे.

झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांत बंद पडतं, गुगल मीटचं तासाभरात. आमच्याकडे चाळीस मिनिटांत मागच्या सभेचं इतिवृत्तही कायम होत नाही, त्यामुळे एका महिन्याचे पैसे भरा आणि तो खर्च समितीत आधी मंजूर करून घ्या.

आता जागा. सभेची जी वेळ आहे त्याच वेळी हॉलमध्ये जाऊन पाच मिनिटं गप्प बसा. पाण्याची मोटार कधी सुरू होते, जनरेटर कुठे आहे, शेजारच्या मंडळाची आरती किती वाजता, हे नुसतं बसूनच कळतं. सभा पार्किंगमध्ये असेल आणि वर पत्रा असेल तर पावसाची सर आली की माईकसुद्धा हात टेकतो. तेव्हा क्लबहाऊस मिळत असेल तर तेच घ्या, लहान असलं तरी. डोक्यावरचा पंखा माईकपासून लांबचा चालू ठेवा.

मुख्य काम पुढचं आहे. लॅपटॉपचा आतला माईक टेबलावरच्या माणसासाठी असतो, हॉलसाठी नाही. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि हॉलचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माईक हवाच, मग तो कोणीही असो. दोन कॉर्डलेस माईक पुरतात: एक व्यासपीठावर, एक सभासदांत फिरायला. फिरता माईक पोचेपर्यंत कोणी बोलायचं नाही हा नियम अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावा. "माझा आवाज तसाच मोठा आहे" म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना माईक हातात धरून द्या. हॉलला ऐकू येतं, सिंगापूरला येत नाही, एवढंच सांगायचं.

हे माईक अॅम्प्लिफायरला जातात आणि अॅम्प्लिफायरमधून लॅपटॉपला. बहुतेक सोसायट्यांत आहुजाचा जुना अॅम्प्लिफायर असतो. त्याच्या मागे लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या यंत्राला आवाज देण्याचं भोक, असेल तर तिथून तार काढा. स्पीकरच्या टर्मिनलवरून कधीही काढू नका. त्यातल्या काहींवर शंभर व्होल्टची लाइन असते आणि लॅपटॉप जागीच जाईल. लाइन आउटची तार थेट लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालूनही भागत नाही. तिथली माईकची जोडणी फार बारीक सिग्नलसाठी असते, त्यामुळे आवाज फाटतो. मध्ये एक छोटा यूएसबी साउंड इंटरफेस लागतो, म्हणजे बाहेरचा आवाज यूएसबीतून लॅपटॉपला देणारी डबी, लाइन इन असलेली. साउंडवाल्याला विचारलंत तर त्याच्या पेटीत बहुतेक असतेच.

सगळ्यात जास्त सभा बिघडतात त्या उलट्या दिशेच्या आवाजामुळे. दुबईतल्या सभासदाने प्रश्न विचारला, तो लॅपटॉपमधून अॅम्प्लिफायरला गेला, हॉलमध्ये वाजला, आणि लाइन आउटमधून परत दुबईला. त्याला स्वतःचंच बोलणं अर्ध्या सेकंदाने ऐकू येतं, तो अडखळतो, आणि हॉलमधले म्हणतात "नेट खराब आहे." नेट ठीक असतं. हॉलमधलं सगळं ऑनलाइनवाल्यांना जावं, फक्त त्यांचा आवाज त्यांना परत जाऊ नये, एवढी ही मागणी आहे. छोटा मिक्सर (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र) असेल तर त्याच्या ऑक्स सेंडमधून, म्हणजे हव्या त्या आवाजांचं वेगळं मिश्रण बाहेर देणाऱ्या भोकातून, लॅपटॉपला आवाज पाठवा आणि त्यात लॅपटॉपच्या चॅनेलची खुंटी शून्यावर ठेवा. मिक्सर नसेल तर साधा उपाय: ऑनलाइनचा आवाज अॅम्प्लिफायरला जोडूच नका, एचडीएमआयने टीव्हीला द्या आणि टीव्हीच्याच स्पीकरवर वाजू द्या. माईकमध्ये थोडा शिरतो तो झूम स्वतः कापतं. टीव्ही मात्र माईकच्या तोंडासमोर नको, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतकाच.

हॉलमध्ये बसून मोबाईलवर मीटिंग उघडणारे दोन-तीन जण निघतातच, बहुधा कुतूहलापोटी. एका खोलीत दोन उपकरणांचा आवाज सुरू झाला की शिट्टी बसते. प्रवेशद्वारापाशी मोठ्या अक्षरात पाटी लावा: झूम बघा, पण स्पीकर आणि माईक दोन्ही बंद.

चार्जर लावल्यावर आवाजात घूं अशी गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. थांबली, तर अर्थिंगचा घोळ आहे. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवर घ्या.

कॅमेऱ्याबद्दल फार नाही. खिडकी बोलणाऱ्याच्या मागे नको, नाहीतर अध्यक्षांचं सावलीनाट्य होतं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, स्टँडवर. हिशेबाची पानं स्क्रीन शेअरने दाखवा, कागद कॅमेऱ्यासमोर धरू नका.

नेट वायफायवर सोडू नका. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार ओढा, शंभर मीटरपर्यंत ती बिनदिक्कत चालते. पायात येईल तिथे चिकटपट्टी लावा. वेग तपासताना अपलोडचा आकडा बघा, डाउनलोडचा नाही. चार-पाच एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरे. आणि राउटर यूपीएसवर घ्या. वीज गेली की जनरेटर काही सेकंदांत सुरू होतो, पण तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि ऑनलाइनवाले सगळे बाहेर फेकले जातात. मोबाईलचा हॉटस्पॉट जोडणी म्हणून आधीच सेव्ह करून ठेवा.

लॅपटॉप चालवणारी व्यक्ती सचिव नको, त्यांना इतिवृत्त लिहायचं असतं. कॉलेजातली दोन मुलं घ्या: एक माईक घेऊन पळणारी, एक फक्त ऑनलाइन बाजू बघणारी, कानाला हेडफोन लावून, आणि कोणी हात वर केला की अध्यक्षांना थांबवण्याची परवानगी असलेली. ती परवानगी सर्वांसमोर द्या. ऑनलाइनवाल्यांचं नाव फ्लॅट क्रमांकापासून सुरू करायला सांगा, म्हणजे "आयफोन" नावाच्या चार सभासदांची ओळख पटवत बसावं लागत नाही.

सभेच्या दोन दिवस आधी, परदेशातला एक सभासद जोडून, पंधरा मिनिटांची तालीम घ्या. त्याला "ऐकू येतंय का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. शेवटच्या रांगेत बसून वर्तमानपत्रातली दोन वाक्यं माईकवर वाचा आणि त्याला ती परत म्हणायला सांगा.

सभेच्या दिवशी तासभर आधी पोचा. माईकमध्ये नवे सेल, खिशात चार जादा. लॅपटॉपचे अपडेट आदल्या रात्री उरका, नोटिफिकेशन बंद करा. सगळ्यांना सांगून रेकॉर्डिंग लावा. पुनर्विकासाची सभा असेल तर व्हिडिओ चित्रीकरण वेगळ्या कॅमेऱ्याने करा, झूमच्या रेकॉर्डिंगवर विसंबू नका. सभा संपली की रेकॉर्डिंग सोसायटीच्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि माईक पेटीत ठेवण्याआधी त्यातले सेल काढा. आमचा एक माईक सेल आतच राहून गळल्यामुळे कामातून गेला.