सहा हजारांत बावीस जणांचं कौतुक

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हजेरी-पगाराचं काम मी बघते. कामगारांच्या वार्षिक कार्यक्रमाला सहा हजार मिळतात, माणसं बावीस. एवढ्यात हॉल, शाल-श्रीफळ, बुफे बसत नाही. बसवायचा हट्टही धरू नका.

आधी मजुरीचं बघा. कार्यक्रम कामाच्या वेळेतच ठेवा आणि कुणाचा खाडा लावू नका. हमालांना पैसे पोत्यामागे मिळतात, म्हणजे अर्धा दिवस मिल बंद तर त्यांची तेवढी कमाई बुडाली. सरासरी हमाली काढून ती द्यायचं मालकांकडून आधी कबूल करून घ्या, सहा हजारांना हात न लावता. हे होत नसेल तर कार्यक्रम करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गणी तर अजिबात नको.

तुरीची आवक वाढायच्या आत, डिसेंबरअखेरचा किंवा जानेवारीतला पहिला शनिवार धरा. सकाळची शाळा सुटली की पोरंही येतात. वेळअमावास्या मात्र टाळा. त्या दिवशी जो तो आपापल्या शिवारात भज्जी-आंबील खायला जातो.

जेवणाऐवजी हुरडा करा. आपल्यातल्याच कुणाच्या रानात गूळभेंडी (हुरड्याची ज्वारी) असेल तर उभी कणसं रोख पैसे देऊन घ्या, फुकट मागू नका. गोवऱ्यांची आगटी, तिळाची नि शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ: दोन हजारांत भागतं. आगटी मिलच्या आवारात पेटवू नका, डाळीचा भुसा लगेच पेट घेतो. जाण्या-येण्याच्या टमटमला सातशे.

उरलेल्यातून प्रत्येकाला स्टीलचा डबा, एकशेतीसच्या आसपासचा. भांड्यांच्या दुकानात त्यावर नाव घालून मिळतं. नावाखाली कामही घाला: ‘चाळणी विभाग’, ‘बॉयलर’. डबा देताना त्या माणसाचं वर्षातलं एक नेमकं काम बोलून दाखवा. ‘मेहनती आहेत’ हे कुणालाही लागू पडतं. ‘मावशींनी चाळणीवर हाताला लागलेला खडा दाखवला, म्हणून तो अख्खा लॉट परत चाळला’ असं म्हटलं की शेजारची बाईसुद्धा मान वर करून बघते. ही वाक्यं मुकादमाला विचारून आठवडाभर आधी लिहून काढा. मालकांनी पाच मिनिटं बोलावं, बस्स.

वॉचमन मिलवरच असतो. त्याचा डबा हुरड्याने भरून त्याच संध्याकाळी पोचवा, आणि त्याचं वाक्य मालकांनी फोनवरून त्याला स्वतः सांगावं.